डबा सोडून

सकाळी सव्वादहाला लेकीचा फोन आला तेव्हा माझ्या एका हातात मलम होतं आणि दुसऱ्या हातात यांची मान. प्रवासाचा नववा दिवस. रात्री त्या अरुंद बाकावर हे वाकडे झोपले आणि सकाळी मान धरली ती धरलीच. उजवीकडे बघायचं तर हे अख्खे उजवीकडे वळत होते.

"बाळ्या, तू आता दारच झालास. बिजागरीवर फिरतोस," वन्सं म्हणाल्या.

वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण. हॉस्पिटलात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण समोर दिसेल तो माणूस पेशंटच असं त्या अजून धरून चालतात. अठ्ठावन्न वर्षांच्या भावाला चारचौघांत बाळ्या म्हणायची त्यांना जराही लाज वाटत नाही.

मी फोन कानाला लावला.

"आई, जहाज उद्या नाही सुटत, आज सुटतंय. सहाला," ठकी म्हणाली. "पावणेसहाला आम्हाला वर असावं लागतं. तुम्ही अजून खूप लांब असाल. राहू दे आता, पुढच्या खेपेला भेटू."

पुढची खेप म्हणजे आठ महिन्यांनी.

ठकी आमची एकुलती एक. सुताराची पोर, म्हणून लाकडी बाहुलीचं नाव लाडानं पडलं आणि चिकटलं. शिक्षण झाल्यावर चार वर्षं ती यांच्या वर्कशॉपमध्ये काम करत होती. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे, असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून सांगायचे. मग एक दिवस तिनं सांगितलं की तिला जहाजावर जायचंय, इंजिनांचं काम शिकायचंय. हे म्हणाले, "जायचं तर जा, पण मला सांगून जाऊ नकोस." ती बापाचीच लेक. न सांगता गेली. त्याला तीन वर्षं झाली, आणि तीन वर्षांत या दोघांत एक शब्द नाही. तिचा फोन आला की हे उठून बाहेर जातात आणि मी मधल्या मध्ये पोस्टमन. बाबा बरे आहेत गं. हो, विचारतात ना तुझं. हे विचारत काहीच नव्हते. खोटं बोलून बोलून माझी जीभ झिजली.

ती गेल्यावर वर्कशॉपचा अर्धा भाग रिकामा पडला. त्या रिकाम्या जागेत यांनी दोन वर्षं खपून ही कॅरव्हॅन बांधली. गाडीच्या मागे जोडायचं चाकांवरचं घर. आत तीन बाकं, ओटा, कपाटं, सगळं स्वतःच्या हातचं. मी तिला डबा म्हणते, त्याचा यांना राग येतो. बारा दिवसांचा मार्गही यांनीच आखला. डोंगर, तळं, किल्ला, आणि दहाव्या दिवसापुढे पेन्सिलीनं एकच शब्द, 'बंदर'. का, ते मी विचारलं नाही. यांनी सांगितलं नाही. ठकीचं जहाज त्या आठवड्यात त्याच बंदरात लागणार हे मी तिच्याशी फोनवर मोठ्यानं बोलले होते खरी.

फोन ठेवून मी यांना सांगितलं. हे थोडा वेळ समोरच्या कपाटाकडे बघत राहिले. मान वळत नव्हती, त्यामुळे दुसरीकडे बघणं शक्यही नव्हतं.

"मग आता आज तिकडे धावून काय करायचं?" हे म्हणाले. "उद्या ठरल्याप्रमाणे जाऊ. बंदर काही पळून जात नाही."

माझं डोकंच सणकलं. "बंदर नाही पळत. पोर जातेय."

"तिनंच राहू दे म्हटलं ना?"

"तुम्हाला बरं ऐकू आलं? मी तर फोन कानाला लावला होता."

वन्संनी तेवढ्यात नकाशा उघडला होता. "साडेतीनशे किलोमीटर," त्या म्हणाल्या. "मागे हे धूड असताना पासष्टच्या वर जाता येत नाही. आत्ता निघालो तर साडेचार-पाच. बाळ्या, भांडायचं असेल तर चालत्या गाडीत भांड."

अकराला दहा कमी असताना आम्ही निघालो. गाडी मी चालवत होते. शिवलेले कपडे दुकानांत पोचवायला मी रोज गाडी चालवते, वीस वर्षं झाली. पण डबा जोडलेला असताना यांनी मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. आज मानेनं यांचा नाइलाज केला. पहिला अर्धा तास हे प्रत्येक वळणाला श्वास रोखून बसले आणि मी प्रत्येक वळणाला म्हणाले, "सोडा श्वास." मग सवय झाली. डबा मागून येतो, जरा उशिरा वळतो, वाऱ्यानं जरा डुलतो. लग्नात लांब झालर मागे घेऊन चालणाऱ्या नवऱ्या मुलींचे कपडे मी शिवलेत. मागचं भान ठेवून पुढे कसं चालायचं ते मी त्यांना शिकवते. इथं तेच करायचं होतं.

साडेबाराला मोठ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. पुढे रस्त्याचं काम चालू होतं. रांग अर्धा तास मुंगीच्या पावलानं सरकली. वन्संनी पुन्हा नकाशात डोकं घातलं.

"पुढचं डावं वळण घे. जुना रस्ता आहे. नदीवर पूल आहे, तो ओलांडला की आपण या सगळ्याच्या पुढे निघतो. पाऊण तास वाचेल."

घेतलं वळण. रस्ता एका गाडीपुरता. दोन्ही बाजूंना उतार, खाली शेतं. मैलभर गेल्यावर पूल दिसला, आणि पुलाच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब. शेजारी फलक होता: रुंदी दोन मीटर दहा सेंटिमीटर.

मी गाडी थांबवली.

"चल, चल," हे म्हणाले. "आपली दोन मीटर चार आहे."

"नक्की?"

"अगं, मी बांधलीय. मला विचारतेस?"

खांब माझ्या डोळ्यांत बसत नव्हते. तीस वर्षं माणसांची मापं घेतलीत मी. माणूस दारातून आत येतानाच मला त्याचा खांदा कळतो. मी खाली उतरले, पर्समधून टेप काढली आणि डब्याच्या पाठीला लावली. टेप दीड मीटरची, म्हणून मध्ये खडूनं खूण केली आणि पुढचं माप घेतलं. मग पुन्हा घेतलं, कारण एकदा घेतलेल्या मापावर मी कात्री चालवत नाही.

दोन मीटर सोळा.

हे अख्ख्या अंगानं वळत वळत मागे आले. टेप बघितली. माझ्या हातातून घेतली, स्वतः लावली. मग त्यांचा चेहरा पडला. मला आधी कळेना, आणि मग कळलं. कपाट बनवणारा माणूस आतलं माप बोलतो. कपाटात काय मावेल, गिऱ्हाईक तेच विचारतं. यांनी जन्मभर आतलीच मापं बोलली. डबा आतून दोन मीटर चार होता. दोन्ही बाजूंच्या भिंती यांनी हिशेबात धरल्याच नव्हत्या. कागदपत्रांवर बाहेरचं माप लिहिलेलं असणार, पण बांधणारा स्वतः समोर असताना कागद वाचतो कोण?

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मी हसले नाही. फार हसावंसं वाटत होतं आणि रडावंसंही, पण दोन्हीला वेळ नव्हता.

"मागे फिरू," हे म्हणाले. "मोठ्या रस्त्यानं जाऊ."

"मोठ्या रस्त्यानं सात वाजतील," वन्सं म्हणाल्या.

"मग वाजू देत. मी काय करू?"

त्यांच्या आवाजात जे होतं ते मला ओळखता आलं. सुटका. घट्ट दार उघडत नाही म्हटल्यावर आतल्या माणसाला बरं वाटावं, तशी. आणि तिथं माझा निश्चय झाला. वादाचा प्रश्नच उरला नाही. हे आज तिथं पोचणार होते, मानेसकट.

"डबा इथंच सोडायचा," मी म्हणाले. "नुसती गाडी पुलावरून जाते."

"रस्त्यात सोडायचा? वेड लागलंय तुला?"

"रस्त्यात नाही. येताना मागे एक कुंड्यांचा कारखाना दिसला. त्याच्या अंगणात."

"तिथपर्यंत उलटी कोण नेणार? तीनशे मीटर आहे! मला मान वळवता येत नाही."

"मी नेणार."

कॅरव्हॅन जोडलेली गाडी मागे घेणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की डबा उजवीकडे जातो, आणि जरा जास्त फिरवलं की गाडी आणि डबा एकमेकांकडे तोंड करून अडकून बसतात. हे मागे जाऊन उभे राहिले आणि सुरू झाले. "डावीकडे! डावीकडे! अगं तुझ्या नाही, डब्याच्या डावीकडे! नाही, स्टिअरिंग उजवीकडे!" पन्नास मीटरांत मी डबा दोनदा उताराच्या काठाशी नेला. दुसऱ्या वेळी मागच्या चाकाखालचे खडे घरंगळत शेतात गेले, तो आवाज मला काच वर असताना ऐकू आला. मी थांबले, काच खाली केली.

"तुम्ही डावं-उजवं बोलायचं नाही. एक शब्द नाही. काठ किती उरलाय तेवढंच सांगायचं. फिरवायचं कुठं ते माझं मी बघते."

"तुला जमणार आहे का?"

"मी जन्मभर कपडा उलटा करून शिवतेय. डावी बाही उजवीकडे असते ते मला कोणी ओरडून सांगत नाही."

मग हे खरोखरच फक्त तेवढंच सांगायला लागले. "वीतभर. वीतभर. चार बोटं. आता वीतभर." मी त्यांच्याकडे बघणं सोडलं, आरशात बघत राहिले, आणि हात आपोआप चालायला लागले. थोडंसं फिरवायचं, थांबायचं, डबा काय करतो ते बघायचं, मग सरळ करायचं. वन्सं रस्त्याच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या आणि येणारा एक ट्रॅक्टर त्यांनी नुसता हात वर करून थांबवला होता. ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करून आज्ञाधारकपणे बसला होता.

कारखान्याच्या फाटकाशी दोन्ही बाजूंना कुंड्यांच्या उतरंडी होत्या, माझ्या उंचीच्या. आतून कुंड्यावाल्या बाई मातीचे हात घेऊन धावत आल्या, काय चाललंय ते बघितलं, आणि मला ओरडायच्या ऐवजी त्यांनी त्यांच्या दोन बायकांना डाव्या उतरंडीपुढे उभं केलं.

"चार बोटं," हे म्हणाले. "तीन. दोन. दोन. दोन. एक... थांब!"

खळ्ळ झालं. तीन कुंड्या गेल्या. पण डबा अंगणात होता.

"त्या तडकलेल्याच होत्या," बाई म्हणाल्या. खोटं बोलत होत्या, बिचाऱ्या. त्यांना वन्संनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. जहाज, सहा वाजता, लेक, तीन वर्षं. बाई यांच्याकडे बघत राहिल्या, कारखान्यात भाजताना फुटलेलं भांडं बघावं तशा.

हे डब्याचा हुक सोडवत होते. सोडवला, चाकांखाली दगड लावले, दगड पुन्हा ठोकून बसवले, दार ओढून बघितलं, खिडक्या बघितल्या. मग दाराच्या पायरीवर बसले.

"तू जा. मी थांबतो इथं. असा कसा उघड्यावर टाकून जाऊ? दोन वर्षांचं काम आहे."

दोन वाजले होते. मला वाटलं, आता मी या माणसाला धरून हलवणार आणि त्याची मान कायमची मोडणार. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"ऐका. तीन वर्षं मी तुमच्या वतीनं बोलतेय. तुम्ही न बोललेलं बोलतेय. आजपासून बंद. तुम्ही आला नाहीत तर मी तिला सांगणार आहे, तुझे बाबा एका पायरीवर बसून राहिले. आणि पुढचा फोन तुम्ही उचलायचा. मी उचलणार नाही. वाजून वाजून बंद पडला तरी नाही."

"ती बोलणार आहे का माझ्याशी? मी काय तोंड घेऊन जाऊ?"

म्हणजे ते होतं. मान नाही, डबा नाही, ते. माझा राग निम्मा तिथंच उतरला, पण मी तो दाखवला नाही.

वन्सं पायरीपाशी आल्या. "ऊठ, बाळ्या. मी थांबते इथं. डब्याला कोणी हात लावला तर त्याची खैर नाही. जा, बस गाडीत."

हे उठले. वन्संच्या त्या आवाजानं कित्येक पेशंट ऑपरेशनला गेले असतील.

डबा नसलेली गाडी नुसती उडत होती. खांबांच्या मधून निघालो, नदी ओलांडली, आणि मी वेग धरला. सव्वादोनशे किलोमीटर. हे मध्ये एकदा "तिला कळवलंस का?" म्हणाले, मी म्हणाले हो, ती फाटकाशी थांबेल, त्यावर म्हणाले "बरं". नंतर एकदा आरशात स्वतःकडे बघून दाढीवर हात फिरवला. शहरात शिरताना प्रत्येक दिवा लाल लागला आणि मी प्रत्येक दिव्याला जे म्हणाले ते इथं लिहीत नाही.

बंदराच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पाच छत्तीस झाले होते. रखवालदार म्हणाला, आत जाता येणार नाही. जायची गरजच नव्हती. आतल्या बाजूला, सिमेंटच्या बाकावर ठकी बसली होती. अंगात कामाची निळी डांगरी, केस बारीक कापलेले. तिनं आधी मला बघितलं आणि हसली. मग गाडीच्या दुसऱ्या दारातून हे उतरले, अख्ख्या अंगानं वळत, आणि ती उभीच राहिली.

रखवालदारानं छोटं दार उघडलं. ती बाहेर आली.

"मानेला काय झालं?" तिनं विचारलं. तीन वर्षांनी बापाशी पहिला शब्द.

"धरली," हे म्हणाले. आणि मग ज्या माणसाच्या तोंडून एक शब्द काढायला मला पकड लागते, तो माणूस बोलायला लागला. "फोन आला की मी बाहेर जायचो, पण खिडकीखालीच उभा राहायचो. तुझी आई जोरात बोलते, तेवढ्यावरून मी उरलेलं लावून घ्यायचो. तुला ताप आला होता तेव्हा मी आठ दिवस झोपलो नाही. तुला जहाजावर जाऊ नको म्हणायचं नव्हतं मला. मला एकट्याला वर्कशॉपमध्ये काम करायची भीती वाटली. ती मी तुझ्या अंगावर ओरडून काढली. चुकलं माझं, ठके. साफ चुकलं."

"बाबा," ती म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडायला गेली, हे "हळू, हळू, मान!" म्हणाले, आणि दोघं हसता हसता रडायला लागली. मग तिनं इंजिनांचं सांगितलं. यांनी विचारलं, किती सिलिंडर, किती माणसं, जेवायला नीट मिळतं का, झोपायला बाक केवढं आहे. ती हातांनी मापं दाखवत होती. हे तिच्या हातांकडेच बघत होते.

मी दोन पावलं मागे उभी होते. मीच मागे झाले होते. घड्याळ बघत होते, कारण कोणीतरी बघायला हवं होतं.

भोंगा वाजला. ठकी दचकली, माझ्याकडे वळली, मला घट्ट मिठी मारली. तेलाचा वास येत होता. "आई, तुझ्याशी तर काही बोललेच नाही मी."

"आपलं काय, नेहमीचंच," मी म्हणाले. "पळ."

ती पळाली. छोटं दार बंद झालं. हे जाळीला धरून ती दिसेनाशी होईपर्यंत उभे होते.

परत निघालो तेव्हा उजेड होता. वन्संना फोन केला, त्या म्हणाल्या, सावकाश या, इथं माझं छान चाललंय. यांच्या तोंडाचा पट्टा आता थांबेना. ठकी असं म्हणाली, ठकी तसं म्हणाली, ठकीचे हात बघितलेस का, केवढी मोठी झाली, पुढच्या खेपेला आपण दोन दिवस आधी येऊ. मी हं, हं करत होते. मला बरं वाटत होतं, खरंच सांगते. ज्यासाठी निघाले ते झालं होतं. पण नऊ मिनिटं मिळाली, त्यातली साडेआठ यांनी घेतली. मला तिची दाढ दुखते का अजून ते विचारायचं होतं. केस का कापले ते विचारायचं होतं. तिला एकटं वाटतं का, ते फोनवर विचारता येत नाही, समोर बसूनच विचारावं लागतं, ते विचारायचं होतं. आठ महिने.

"तुला काय म्हणाली गं शेवटी?" यांनी विचारलं.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं.

"थोडा वेळ गप्प बसा," मी म्हणाले. "आता मला रडायचंय."

हे गप्प बसले. मग अख्खे माझ्याकडे वळले, आणि माझं रडून होईपर्यंत तसेच बसून राहिले.